पगारवाल्याला रस्ता, रोजीवाल्याला भिंत

इंदूरचे आमचे घरमालक खोली दाखवत नसत. खोलीत झोपून बघायला लावत.

कंपनीने माझी पुण्याहून इंदूरला बदली केली, तेव्हा बड्या गणपतीजवळ एका मराठी घरात वरच्या मजल्यावर खोली मिळेल असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. रविवारी दुपारी मी तिथे पोचलो, तर एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ फाटकावर पाटी अडकवत होते. 'दुपारी मालक झोपतात. काम असेल तर चहाच्या वेळेला या. काम नसेल तर घरी जाऊन तुम्हीही झोपा.' पाट्यांच्या बाबतीत आम्हा पुणेकरांना कुणी शिकवेल असं मला वाटलं नव्हतं. मी परत फिरणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"खोलीसाठी आले न? बरोबर टाइमावर आले. चला, झोपून घ्या."

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण काकांनी मला वर नेलं, मागच्या खोलीतल्या खाटेवर धुतलेली चादर टाकली आणि म्हणाले, "पाहून काय करणार? चार भिंती सगळीकडे असतात. लेटून पाहा. झोप लागली तर बात करू, नाही लागली तर तुमचा आमचा टाइम वाचला."

परक्या घरात, परक्या खाटेवर, बूट दाराशी काढून मी आडवा झालो. पाच मिनिटं पडून उठायचं, असं ठरवलं होतं. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खालून फोडणीचा वास येत होता. खोलीच्या मागे धान्याच्या गोदामाची आंधळी भिंत होती. तिकडून पाखराचासुद्धा आवाज येत नव्हता. खाली गेलो तर काकूंनी शेव घातलेले पोहे पुढे ठेवले. काका समाधानाने म्हणाले, "घोरून राहिले होते तुम्ही." आणि लगेच, "पगार किती मिळतो?"

काका ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतले नव्हते. मीही छाती थोडी पुढे काढून आकडा सांगितला. काकांनी मान डोलावली.

"मग ती मागची नाही. पुढची खोली तुमची."

पुढच्या खोलीला सज्जा होता, मोठी खिडकी होती, खाली सगळा रस्ता दिसत होता. भाडं मात्र दोन्ही खोल्यांचं सारखंच. आपला पगार ऐकून माणसाने आपल्याला मानाची खोली दिली, या आनंदात मी त्याच दिवशी घरी फोन करून फुशारकी मारली.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाची घंटा सुरू झाली. मग दुधाच्या किटल्या. मग कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत आली, आणि ते संपतं न संपतं तोच कचोरीवाल्याने कढईवर झारा आपटायला घेतला. त्यानंतर रिक्षा, शाळेच्या व्हॅन, आणि लग्नसराई असल्याने कुणाच्या तरी वरातीचा बँड. आठवड्याभरात माझे डोळे लाल झाले. मी खाली जाऊन तक्रार केली तेव्हा काकांनी इतक्या निरागसपणे पाहिलं की मला माझाच संशय आला.

"हो न, आवाज तर आहेच तिथे. म्हणून तर तुम्हाला दिली."

"म्हणजे?"

"पगारवाल्याला रस्ता, रोजीवाल्याला भिंत. या घरचा कायदा आहे भिया. तुमची झोप मोडली तर तुम्ही ऑफिसात एसीमध्ये बसून कॉफी पिणार, लई झालं तर सुट्टी टाकणार. आणि एक दिवस कंटाळून खिडकीला डबल काच लावून घेणार. मागच्याची झोप मोडली तर तो काय लावणार? आवाज दोघांना सारखा आहे. पण लागतो एकालाच."

मला राग आला होता, हे कबूल. एवढं बोलून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि माझ्या बॅगेच्या कुरकुरणाऱ्या चाकात दोन थेंब सोडले. तेव्हा रागावून राहणंही अवघड झालं.

ती कुपी कायम त्यांच्या खिशात असे. सकाळी फिरायला निघाले की गल्लीतली फाटकं, दुकानांची शटरं, सायकलींचे स्टँड, जे जे कुरकुरेल त्याला तेल पाजत जायचे. मालकाला विचारायची पद्धत नव्हती. एकदा इंदूरच्याच लालबागेतल्या मेळ्यात आम्ही तिघे गेलो होतो, तिथल्या आकाशपाळण्याकडे काका ज्या नजरेने बघत होते ते पाहून काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला. भेटलेल्या माणसाला ते 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. 'झोप झाली?' असं विचारत, आणि उत्तर न ऐकता चेहरा बघून स्वतःच ठरवत. "नाही झाली. जा, नंतर बोलू."

कचऱ्याच्या गाडीबद्दल मात्र त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. इंदूरचा माणूस स्वतःच्या सासऱ्याला नावं ठेवील, पण सफाईत शहराचा पहिला नंबर आणणाऱ्या त्या गाडीला ठेवणार नाही. देवळाच्या घंटेबद्दल विचारलं तर म्हणाले, "ती आवाजात मोजत नाही मी. ती देवाची ड्युटी आहे."

गंमत म्हणजे काकांना स्वतःला शांततेत झोपच येत नसे. सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेलेली. मशीनच्या घरघरीत डुलकी काढायची सवय अशी मुरली की निवृत्तीनंतर घरात शांतता झाली की ते दचकून उठत. पंप बंद पडला असं वाटायचं त्यांना. म्हणून भर थंडीतसुद्धा भिंतीकडे तोंड करून, पाणी न घालता कूलर चालू असायचा. काकू म्हणायच्या, "जगाला शांती वाटतात आणि स्वतः मिक्सर लावला की घोरतात. काय करणार, नवरा आहे."

हे खूळ आलं कुठून, ते काकूंनीच सांगितलं. काकांचे वडील इथल्या कापडमिलमध्ये होते. रात्रपाळी करून सकाळी आले की एका खोलीच्या बिऱ्हाडात झोपायचे. पाच पोरं होती, पण दिवसा त्या घरात कुणी मोठ्याने हसत नसे. भांडणंसुद्धा ओठ हलवून व्हायची. शेजारी मात्र कुणाकुणाचं ऐकणार? मिलच्याच बाबूंना बंगले होते, बागा होत्या, तिथे ऐकू यायचा तो फक्त भोंगा. इकडे भिंतीपलीकडे कुणी मसाला कुटतंय, कुणी लोखंड ठोकतंय. अर्ध्या झोपेत वडील पुन्हा मशीनवर जायचे आणि एक दिवस त्यांची दोन बोटं मशीनमध्ये गेली. घरात सगळे म्हणाले, नशीब. काका तेव्हा लहान होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष एवढाच की बाबांना त्या दिवशी झोप मिळाली नव्हती.

हे ऐकल्यावर मी तक्रार करायची बंद केली. काकांनी भाकीत केल्याप्रमाणे खिडकीला डबल काच लावली, दाराला रबराची पट्टी लावली, जाड पडदे आणले. काका माप घ्यायला स्वतः टेप धरून उभे होते. काम झाल्यावर त्यांनी काच सरकवली, रस्ता एकदम मुका झाला, आणि आपला सिद्धांत खरा ठरल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. "पाह्यलं? पैसा आवाज पिऊन टाकतो!"

मागच्या खोलीत मग राहायला आले ते उस्ताद. देपालपूरकडचे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, इंदूर-पुणे स्लीपर बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी इथून निघायचे, सकाळी पुणे. त्या रात्री तिकडून निघून पुढच्या सकाळी पुन्हा इथे. एक दिवसाआड गोदामाच्या त्या भिंतीपाशी झोपायचे. बायकोमुलं गावी होती. बोलणं कमी, पण काकांसमोर आले की हात जोडायचे. काका सगळ्यांना सांगत, "याच्या एका झोपेवर रात्री चाळीस माणसं झोपतात. हा जागला पाहिजे म्हणून आधी झोपला पाहिजे."

आणि हे नुसतं बोलून थांबत नसत. उस्ताद झोपले असताना दुपारची वरात आली तर काका गल्लीच्या तोंडाशी जाऊन बँडसमोर हात जोडत. घराच्या लांबीपुरता बँड बंद, पुढे काय ते वाजवा. बहुतेक बँडवाले ओळखीचे झाले होते. ते आपणहून तुतारी खाली करत. पण एकदा बाहेरगावचा बँड आला. काकांनी नेहमीसारखा पांढरा कुर्ता घातला होता, ऊन म्हणून डोक्यावर पांढरा पंचा होता, आणि त्या गोंगाटात बोललेलं ऐकू जाणार नाही म्हणून त्यांनी नुसते हात जोडून मान खाली घातली. बँड जागच्या जागी थांबला. नाचणारी पोरं थांबली. नवऱ्याच्या मामांनी साफा काढून हातात घेतला. सगळी वरात माना खाली घालून आमच्या घरासमोरून अशी गेली की घोड्याच्या टापा तेवढ्या ऐकू आल्या. सज्ज्यातून ते बघताना मलाही क्षणभर भरून आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच मामा दारात. चेहरा सुतकी. काकूंना हात जोडून म्हणाले, "बहनजी, परसों शादी के चक्कर में रुक नहीं पाए. कौन शांत हो गए घर में?" काकू भांबावल्या. काकांना मात्र लगेच उलगडा झाला. त्यांनी जिन्याकडे बोट केलं. उस्ताद पुण्याच्या फेरीला निघायचे होते, तेव्हा नुकतेच उठून, खांद्यावर टॉवेल टाकून, दात घासत खाली उतरत होते.

"ये. इनके लिए बंद करवाया था."

मामांनी उस्तादांना टॉवेलापासून ब्रशपर्यंत न्याहाळलं. मग जे हसायला लागले ते पाटावर बसून पोहे खाईपर्यंत हसत होते. उठताना म्हणाले, "भिया, हमारी शादी में सबसे अच्छा वही रहा. पाँच मिनट कान को आराम मिला."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग गोदाम उठलं.

धान्याचा व्यापारी दुसरीकडे गेला आणि त्या जागी व्यायामाचा नाच शिकवणारा क्लास सुरू झाला. सकाळपासून दुपारपर्यंत एकामागून एक तुकड्या. भिंतीपलीकडे स्पीकर धडधडायचा, आणि उस्तादांच्या खाटेशेजारच्या फडताळातले पेले किणकिणायचे. काका पहिल्याच दिवशी तिकडे गेले. परत आले ते पाय ओढत. क्लास चालवणारी मुलगी तरुण होती, फार अदबीने बोलली होती. भिंतीला गादी लावते म्हणाली, आवाज थोडा कमीही केला. पण शेवटी म्हणाली, काका, मेरी भी तो रोज़ी है.

"आता हिला काय बोलणार?" काका खाटेवर बसून म्हणाले. "ती पण रोजीवालीच निघाली."

आयुष्यभराच्या कायद्यात या प्रसंगासाठी कलम नव्हतं. भिंतीला लावलेल्या गाद्यांनी गाणं थोडं दबलं, पण धडधड दबली नाही. उस्ताद कानात कापूस घालून पडायचे, स्वयंपाकघरात येऊन झोपायचे, एकदा तर छपरावर पाण्याच्या टाकीच्या सावलीत झोपलेले दिसले. काकांनी तेलाची कुपी खिशात ठेवणं सोडलं. दुपारची स्वतःची झोपही बंद केली. काकूंनी कूलर लावला तर उठून बंद करत. "त्याला नाही तर मला कशाला."

आणि एका सकाळी उस्ताद खाली काकूंच्या ओट्याशी, काकांसमोर उभे राहून चहा न पिता नुसता कप धरून बोलले. सेंधव्याच्या घाटात क्षणभर डोळा मिटला होता. बस कठड्याला घासली, पत्रा खरवडला, बाकी काही नाही. प्रवाशांना कळलंसुद्धा नाही. पण ट्रॅव्हल्सच्या मालकाला कळलं. तो म्हणाला होता, आणखी एकदा असं झालं तर गाडीची चावी देणार नाही.

"गाडी गई तो गई काकाजी," उस्ताद म्हणाले. "डर उसका नहीं. पीछे सब सो रहे थे."

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर काका माझ्या दाराशी उभे. आत आले, काच सरकवली, कान देऊन ऐकलं, पुन्हा उघडली.

"एक बात विचारायची होती. दिवसभर ही काच काय करते?"

"काय करते म्हणजे?"

"तुम्ही दहाला जाता, संध्याकाळी येता. इतकी महागाची शांती घेतली आणि कुलूप लावून जाता. आत कोणी नाही. शांती एकटीच बसून राह्यली. पलीकडे तो माणूस कापूस शोधून राह्यलाय."

मी चिडलो. काच माझी, पडदे माझे, गादी माझी. तुमच्या कायद्याने मला रस्त्यावर टाकलं, मी माझ्या पैशाने मार्ग काढला, आता तोही द्यायचा? असं बरंच बोललो. काकांनी मधेच अडवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाले, "बरोबर आहे. तुमचंच आहे. म्हणून तर विचारून राह्यलो, नाही तर दुसरी चावी माझ्यापाशी आहेच."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना दार नुसतं लोटून घेतलं. काका जिन्यात होते. मी जिना उतरून वळून पाहिलं, तर ते पुन्हा खिशातून कुपी काढून माझ्या दाराच्या बिजागरीपाशी वाकले होते.

उस्ताद माझ्या खाटेवर कधी झोपले नाहीत. स्वतःची गोधडी आणायचे, खाली अंथरायचे. जाताना खोली मी ठेवली होती त्याहून नीट करून जायचे. माझे इकडेतिकडे पडलेले मोजे जोडीजोडीने गुंडाळलेले मिळू लागले. पहिल्या दिवसापासून मला त्याची लाज वाटली आणि आठवड्याभरात सवय झाली. त्यांच्या डोळ्यांखालची काळी छटा गेली. बसवर त्यांची जागा टिकली. काका पुन्हा दुपारी घोरू लागले.

दिवाळीला मी घरी निघालो तो उस्तादांच्याच बसने. मला बसमध्ये कधी झोप लागत नाही. घाटात तर मी उताणा पडून ब्रेक मोजत असतो. त्या वेळी बर्थवर आडवा झालो, पांघरूण ओढलं, आणि पुढचं आठवतं ते क्लीनर पाय हलवत होता ते. बाहेर सकाळ होती, पुणं होतं, बस रिकामी झाली होती. मी ओशाळून पुढे गेलो. उस्ताद स्टिअरिंगवर हात ठेवून हसत होते.

"आपने तो भिया आज पूरा हिसाब बराबर कर लिया."

तेवढ्यात माझा फोन वाजला. काका.

"पोचले?"

"पोचलो काका. मस्त झोप झाली."

"ते ऐकलं, ठीक आहे. तो कुठं झोपणार आता?"

मी उस्तादांना विचारलं. त्यांनी खांद्यावरून मागे बोट केलं. बस पार्किंगला लावायची, इंजिन बंद, एसी बंद, मागच्या बर्थवर पडायचं. शेजारी दहा गाड्या धुतल्या जातात, हॉर्न वाजतात, पण पडायचं. पुण्यात असंच असतं म्हणाले. मी त्यांना इतके महिने एक दिवसाआड माझी खोली देत होतो आणि मधल्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं.

फोनवर काका अजून होतेच. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"तुमच्या घरी दिवसा कोण असतं?" त्यांनी विचारलं.

बस लावून होईपर्यंत मी थांबलो आणि उस्तादांना रिक्षात घालून घरी नेलं. ते सारखं नको नको म्हणत होते. दार आईने उघडलं. फराळाचा वास, रेडिओ, आतून वडिलांची हाक, सगळं एकदम बाहेर आलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे गोधडी काखेत घेऊन संकोचून उभ्या असलेल्या परक्या माणसाकडे पाहिलं.

"हे उस्ताद," मी म्हणालो. "रात्रभर बस चालवून आलेत. रात्री परत न्यायचीय. आपल्याकडे झोपायला आणलंय."

आईने उस्तादांचे डोळे पाहिले. आत वळून रेडिओ बंद केला, वडिलांना हातानेच गप्प राहायची खूण केली आणि माझी खोली उघडून दिली. दार लागल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग आज कुकर नको लावायला. भात पातेल्यातच टाकते."